फुसका बार

शाखेच्या तिजोरीशेजारच्या कपाटात एक लांबट रजिस्टर असायचे. पहिल्याच पानावर कधीकाळच्या कुणा हेडकॅशियरच्या वळणदार अक्षरात नोंद होती : ‘बंदूक बारा बोअर, डबल बॅरल, नग १. काडतुसे, नग २५.’ दर तिमाहीला शाखा व्यवस्थापक म्हणून मी ती काडतुसे टेबलावर मांडायचो, मोजायचो आणि सही करायचो. पंचवीस भरली की काम झाले. दादरच्या त्या शाखेत मी चार वर्षे काढली, म्हणजे सोळा वेळा तरी मोजली असतील. एखादे काडतूस उचलून उजेडात धरून पाहिले, असे एकदाही झाले नाही. पाहिले असते तरी मला काय कळणार होते म्हणा.

गार्ड लष्करातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. सगळी शाखा त्यांना फौजी मामा म्हणायची. मोजणी चालू असताना ते बाजूला उभे राहून गालातल्या गालात हसायचे. एकदा मी कारण विचारले, तर म्हणाले, “साहेब, ही काडतुसं दाखवायची हायत. उडवायची न्हाईत.”

एका वर्षी वरून फतवा आला की सगळ्या शाखांच्या गार्डांचा गोळीबाराचा सराव घ्या. ठाण्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत एक रेंज होती, तिथे आम्ही गेलो. मामांचे तीन बार नीट झाले. चौथ्याला ‘धाड्’ऐवजी ‘फुस्स’ असा काहीतरी आवाज आला, दिवाळीत सादळलेला फटाका वाजावा तसा. दुसऱ्या शाखेचा एक तरुण गार्ड ओरडला, “मामा, फुसका बार!” सगळे हसले. मीही हसलो. मामा मात्र हसले नाहीत आणि हललेही नाहीत. नळी टेकडीच्या दिशेने तशीच रोखून ते बराच वेळ स्तब्ध उभे राहिले. मग बंदूक मधोमध मोडून उघडली, दोन्ही पुंगळ्या म्हणजे काडतुसांची नळकांडी काढली आणि नळी आभाळाकडे धरून आतून पाहिले. एका नळीतून आभाळ दिसत होते, दुसरीतून दिसत नव्हते. छऱ्यांमागची बुचासारखी गुंडी मध्येच अडकली होती. “साहेब, इकडं बघा,” ते म्हणाले. “ह्याच नळीत दुसरं घालून चाप वढला असता ना, तर माझा डावा हात तुमाला रुमालात गोळा करावा लागला असता.”

मग मामांनी पट्ट्यातली उरलेली काडतुसे एकेक करून पाहिली. त्यांतली चार त्यांनी वेगळी काढली. त्यांच्या तोंडाशी कारखान्याच्या घडीऐवजी मेण होते आणि बुडाच्या, ठिणगी देणाऱ्या टोपीभोवती ओरखडे होते. कुणीतरी वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून पट्ट्यात खोचल्या होत्या. मामा रजेवर असताना आलेल्या बदली गार्डचे गाव कोकणात होते. तिकडे रानडुकरे भाताची नासाडी करतात आणि कारखान्याच्या काडतुसाला मागणी असते. एवढे सांगून मामा थांबले. पुढचे मी विचारले नाही. रजिस्टरात पंचवीस भरायची होती, म्हणून पंचवीस भरली गेली होती.

त्या दिवसापासून माझे एक मत झाले आहे, तेच इथे मांडायचे आहे. शस्त्र आणि दारूगोळा म्हटले की आपली यंत्रणा फक्त हिशेब ठेवते. नग किती, परवाना कुणाचा, मुदत कधी संपते, हे सगळे कागदावर चोख असते. पितळेच्या त्या नळकांड्यात काय भरले आहे, कुणी भरले आहे आणि कधी, हे कुणी पाहत नाही. आणि नुसत्या मोजणीच्या धाकानेच माणसे काडतुसे जुनी होऊ देतात, नाहीतर पुन्हा भरतात.

ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईत बंदुकीच्या दोन बातम्या अकरा दिवसांच्या अंतराने आल्या. १ तारखेला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात शिरली. १२ तारखेला वांद्रे पूर्वेला बाबा सिद्दीकी यांची गोळ्या झाडून हत्या झाली. दुसऱ्या बातमीवर शहर हादरले आणि तसे व्हायलाच हवे होते. पहिलीवर मात्र विनोद झाले. लोकलमध्ये दोन-तीन मी स्वतः ऐकले. परवान्याचे हत्यार, घरातला माणूस, त्याचाच पाय, मग हसायला काय हरकत? पण या शहरात परवान्याची हत्यारे बाळगणाऱ्या हजारो घरांच्या आणि कचेऱ्यांच्या दृष्टीने पहिली बातमीच जास्त जवळची होती. हत्यार बिघडते, काडतूस बिघडते आणि माणसाचा सराव तर सगळ्यांत आधी बिघडतो.

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला आणि इतका मुरला की परका वाटत नाही. पंचनाम्यात ‘एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे’ असे लिहितात. त्यातला ‘जिवंत’ हा शब्द मला नेहमी नेमका वाटतो. जिवंत वस्तूला वय असते आणि आजारपणही असते. पिस्तुलाच्या काडतुसाचे भाग चारच : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात दारू साधारण एक तृतीयांश ग्रॅम असते, पोह्यांवर भुरभुरायच्या मिठाच्या चिमटीएवढी. ती पेटली की आतला दाब चौरस इंचाला पस्तीस हजार पौंडांपर्यंत जातो. पेट्रोलपंपावर आपण गाडीच्या चाकात पस्तीसची हवा मारतो. त्याच्या हजारपट दाब मुठीपासून बोटभर अंतरावर क्षणभर उठतो आणि ओसरतो. तो सुखरूप ओसरतो, कारण कारखान्यात कुणीतरी चिमटीचे वजन काटेकोर ठेवलेले असते.

अमेरिकेत वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून विकण्याचा रीतसर धंदा आहे. तिथे त्याला ‘रीमॅन्युफॅक्चर्ड’ म्हणतात. काडतुसात महाग असते ती पुंगळी, ती फुकटात किंवा भंगाराच्या भावाने मिळाली की माल स्वस्त पडतो. रेंजवर पडलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, साच्यातून दाबून मूळ मापाला आणायच्या, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी घालायची. ऐकायला यात काही वावगे नाही. मुंबईकराला तर हे फार ओळखीचे वाटेल. लॅमिंग्टन रोडला प्रिंटरचे कार्ट्रिज भरून मिळते, कुर्ल्याला गाडीचा कुठलाही भाग जुना पण चालू मिळतो, धारावीत टाकाऊ प्लास्टिकचे दाणे होऊन ते पुन्हा कारखान्यात जातात. वस्तू फेकून न देण्याच्या या शहराच्या सवयीबद्दल मला आदर आहे. पण प्रिंटरचे कार्ट्रिज फसले तर कागद खराब होतो.

पुन्हा भरलेल्या काडतुसात काय काय फसते, ते जरा तपशिलाने सांगायला हवे, कारण धोका तपशिलातच आहे. भरण्याचे यंत्र फिरत्या चकतीचे असते. दांडा ओढला की प्रत्येक पुंगळी एक घर पुढे सरकते, एका घरात टोपी बसते, दुसऱ्यात दारू पडते, तिसऱ्यात गोळी. यंत्र मध्येच अडकले, कामगाराने ते मागेपुढे हलवून सोडवले आणि चालू केले की नेमकी तिथे चूक होते. एका पुंगळीत दारू दोनदा पडते किंवा एखादीत पडतच नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. दुप्पट दारूचे काडतूस पिस्तूल फोडते, हे कुणालाही समजते. बिनदारूचे काडतूस काय करते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. एकट्या टोपीच्या जोरावर गोळी पुंगळीतून सुटते, नळीत काही अंतर जाते आणि तिथेच रुतते. आवाज होतो तो ‘फुस्स’.

मराठीत फुसका बार म्हणजे हसण्यावारी नेण्याची गोष्ट. एखाद्या नेत्याची सभा फसली, एखाद्या नाटकाचा गाजावाजा पोकळ निघाला की आपण म्हणतो, ‘फुसका बार निघाला.’ म्हणजे इजा नाही, फजिती तेवढी. पिस्तुलात नेमके उलटे असते. मोठा आवाज झाला म्हणजे गोळी गेली, नळी मोकळी झाली. फुसका आवाज झाला म्हणजे नळीला बूच बसले. त्यामागून पुढची गोळी पूर्ण दाबाने येते आणि तिला वाट नसते. मग नळी फुगते किंवा फाटते.

यातली सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे चांगले शिक्षणच इथे घात करते. पिस्तूल चालले नाही तर काय करायचे, हे पोलीस आणि जवानांना घोटून शिकवलेले असते : मॅगझिनला, म्हणजे मुठीतल्या काडतुसांच्या पेटीला, तळहाताने खालून ठोका, स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे खेचून सोडा, पुन्हा नेम धरा. टोपी पेटलीच नाही किंवा पुंगळी बाहेर पडताना अडकली, तर हाच उपाय जीव वाचवतो. पण बार फुसका निघाला तर स्लाइड मागे ढकलण्याइतका जोर बहुधा निर्माणच होत नाही. पिस्तूल नुसते ‘अडकल्यासारखे’ वाटते. हात सवयीने ठोकतो, खेचतो आणि रुतलेल्या गोळीमागे जिवंत काडतूस आणून ठेवतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तर खेचायचेही काम नाही. चाप ओढला की चक्र आपोआप पुढे सरकते. दोन आवाजांतला फरक कानाला कळण्यासाठी पुस्तक कामाचे नाही, पुष्कळ बार काढलेले असावे लागतात. फौजी मामांनी आयुष्यात ते काढले होते. त्या तरुण गार्डने काढले नव्हते, आणि त्यात त्याचा दोष नव्हता.

आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या हत्यारांत ‘पॉइंट थ्री टू’चे, म्हणजे साधारण ०.३२ इंच मापाच्या नळीचे, रिव्हॉल्व्हर सर्वांच्या ओळखीचे. त्या काडतुसाचा जन्म १८९६चा. तेव्हाची काळी दारू जागा खूप घ्यायची, म्हणून पुंगळी ऐसपैस केली गेली. आजची बिनधुराची दारू त्याच पुंगळीत तळाशी जरा पडलेली असते, डब्यात उरलेल्या राईसारखी. दुप्पट पडली तरी ती उतू जात नाही आणि भरणाऱ्याच्या डोळ्यांनाही जाणवत नाही. म्हणजे जे काडतूस पुन्हा भरायला सर्वांत सोपे, तेच चुकायलाही सर्वांत सोपे.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. काळजीने स्वतःची काडतुसे स्वतः भरणारे नेमबाज जगभर आहेत आणि त्यांतल्या काहींचा माल कारखान्यापेक्षा सरस असतो. प्रत्येक पुंगळी कितीदा उडाली, तिच्यात दारू किती, हे त्यांनी वहीत लिहिलेले असते. अशा माणसाला मी बोट लावणार नाही. फरक पुन्हा भरण्यात नाही, पुंगळीचा इतिहास ठाऊक असण्यात आहे. धंदेवाईक पुनर्भरणात शंभर जणांनी शंभर हत्यारांतून उडवलेल्या पुंगळ्या एका पोत्यात येतात. पितळ दर वेळी ताणले जाते आणि साच्यात दर वेळी दाबले जाते, तसे ते कडक आणि ठिसूळ होत जाते. कुठली पुंगळी दुसऱ्यांदा आली आणि कुठली आठव्यांदा, हे पोते सांगत नाही. म्हणूनच बंदुका बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहितात की पुन्हा भरलेली काडतुसे वापराल तर आमची हमी संपली. स्वतःच्या पोलादावर विश्वास असणारा माणूस दुसऱ्याच्या पितळावर विश्वास ठेवत नाही, हे मला समजण्यासारखे वाटते.

पुनर्भरण म्हटले की मला स्वयंपाकघरातला सिलिंडर आठवतो. तोही पुन्हा पुन्हा भरला जातो आणि आपण तो निर्धास्त लावतो. कारण त्याच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ‘बी-२७’ म्हणजे एप्रिल ते जून २०२७मध्ये या सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी. माझी पत्नी सिलिंडर आत घेण्याआधी तो आकडा पाहते आणि मुदत टळली असेल तर परत पाठवते. डिलिव्हरीवाला कुरकुरतो, पण नेतो. पुन्हा भरलेल्या काडतुसावर असे काही नसते. उलट, जे असते ते दिशाभूल करते. पुंगळीच्या बुडावर कारखान्याचा ठसा असतो. खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्याचा ‘केएफ’ हा ठसा आपल्याकडच्या प्रत्येक परवानाधारकाच्या ओळखीचा आहे. पुंगळी पुन्हा भरली तरी ठसा तोच राहतो. आत माल कुणा गल्लीतला आणि बुडावर नाव खडकीचे. त्या चार काडतुसांच्या बुडावरही तो होता. मी मोजताना वाचलाही असेन.

आपल्या देशात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे अमेरिकेसारखा उघड धंदा इथे नाही. क्रीडा नेमबाजीच्या वर्तुळात मात्र अधूनमधून सूर निघतो की काडतुसे महाग आहेत, आयातीत अडकतात, पुनर्भरण सोपे करा. या तक्रारीत तथ्य आहे, उपायात तेवढे नाही. राही सरनोबत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली, किंवा स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्य मिळवले, तिथे पॉइंट टू टू काडतूस लागते. त्यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो. एकदा उडाले की ती कड चेपते आणि पुंगळीचा प्रश्न मिटतो. वरळीच्या रेंजवर घाम गाळणाऱ्या बहुतेक मुलामुलींना पुनर्भरणाचा काडीचा उपयोग नाही. ज्यांना आहे ते मूठभर, मोठ्या बोअरचे, म्हणजे रुंद नळीची हत्यारे वापरणारे. त्यांच्यासाठी दार उघडायचे असेल तर सिलिंडरसारखी तारीख, तुकडीचा क्रमांक आणि प्रत्येक तुकडीतल्या काही काडतुसांची दाबचाचणी, एवढे आधी करा. तोवर मी विरोधात आहे.

खेळाचा विषय निघालाच आहे, तर बिघाडाकडे कसे पाहावे हे खेळानेच उत्तम शिकवले आहे. २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. त्या पिस्तुलात दारू नव्हती, काडतूस नव्हते, हत्यार उत्तम होते, तरीही बिघडले. तीन वर्षांनी पॅरिसहून तिने दोन कांस्ये आणली हा पुढचा, आनंदाचा भाग. मला यातले बारकाईने पाहण्यासारखे वाटते ते २५ मीटर स्पर्धेच्या नियमांतले एक कलम. तिथे बिघाड दोन प्रकारचे मानतात, माफ होणारे आणि न होणारे. काडतूस उडाले नाही, गोळी नळीत अडकली, पुंगळी बाहेर पडली नाही, तर माफ. सुरक्षेचा खटका सोडायला विसरलात, काडतुसे कमी भरलीत, चुकीची भरलीत, तर माफी नाही. आणि बिघाड झाल्यावर नेमबाजाने पिस्तूल उघडून पाहायचे नाही. नळी लक्ष्याकडे ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला बोलवायचे. स्वतःच उघडले तर तो बिघाडही माफ होत नाही. बिघाडाला लाजायचे नाही, पण तो लपवायचाही नाही, हे तिथे नियमातच आहे. आमच्या रजिस्टरात असा हात वर करायला जागा नव्हती.

पुन्हा भरलेले काडतूस हा टोकाचा प्रकार झाला. मुंबईतला मोठा प्रश्न मला जुन्या काडतुसांचा वाटतो. हे शहर पितळेचे वैरी आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे आपल्या आज्यांना माहीत होते. त्याच पितळेच्या पुंगळ्या चामड्याच्या पट्ट्यात, खाऱ्या हवेत, चार-चार पावसाळे काढतात आणि त्यांवर हिरवी पुटे चढतात. चांगला हेतूही कधी नडतो. जून आला की लोक गंजाच्या भीतीने रिव्हॉल्व्हरला सढळ हाताने तेल देतात, तेही काडतुसे आत ठेवून. तेल टोपीच्या फटीतून झिरपते आणि ठिणगी मरते. या देशातल्या पावसाळ्याने तर धातुशास्त्रात एका रोगाला नाव दिले आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसे इथे तबेल्यांजवळ साठवलेली असायची आणि पावसाळ्यात त्यांची पितळे आपोआप तडकायची. इंग्रज त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणू लागले. तो ‘सीझन’ म्हणजे आपला पावसाळा. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, असा तिहेरी मेळ त्यामागे होता, हे १९२१मध्ये उलगडले. शंभर वर्षांपूर्वीचे हे ज्ञान, आणि आमच्या शाखेत काडतुसे ठेवायची जागा पॅन्ट्रीच्या भिंतीला लागून होती. पलीकडे मोरी.

एवढी काळजी कुणासाठी, असे कुणी विचारील. बंदूकवाले किती? ज्याने बाळगली त्याने निस्तरावे. मला हे पटत नाही, कारण मुंबईत बंदूक एकट्या मालकाची नसते. पासबुक भरायला उभ्या असलेल्या रांगेपासून गार्डची नळी चार फुटांवर असते. एटीएममध्ये रोकड भरणारी गाडी फुटपाथला लागून थांबते, बंदूकधारी खाली उतरतो आणि शाळेतून सुटलेली मुले त्याच्या कोपराला घासून जातात. गावाकडे चुकलेली गोळी बांधात नाहीतर झाडात जाते. इथे तिला जायला माणसांशिवाय जागा नाही.

आणि प्रश्न खासगी परवान्यांपुरता नाहीच. २६/११नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांकडे सरावासाठी पुरेशी काडतुसे नव्हती, याकडे बोट दाखवले होते. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. त्यांच्या शौर्यापुढे बोलायला शब्द नाहीत. पण दर वर्षी पुष्पचक्र वाहताना आपण शौर्याबद्दल बोलतो आणि सरावाच्या काडतुसांबद्दल गप्प राहतो, हे मला खटकते. काडतूस सरावात ‘वाया’ जाते, ही भाषाच चुकीची आहे. सरावात उडालेले काडतूस एका कानाला फुसका आवाज ओळखायला शिकवते आणि कपाटातला एक जुना नग कमी करते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. २०१६च्या नियमांनी नव्या अर्जदाराला सुरक्षिततेचे प्रशिक्षणही आणले. मग नूतनीकरणाला कागदांबरोबर काडतुसेही का मागू नयेत? परवानाधारकाने जवळची सगळी जुनी काडतुसे घेऊन रेंजवर यावे. जाणत्या माणसाने ती पाहावीत, संशयास्पद असतील ती बाजूला काढावीत, उरलेली त्याने तिथेच उडवावीत आणि तेवढीच नवी, खरेदीची तारीख परवान्यावर नोंदवून, ना नफा ना तोटा भावाने घ्यावीत. हात कापतो का, नळी कुणाकडे वळते, फुसका आवाज झाला तर माणूस थांबतो का, हे सगळे त्या अर्ध्या तासात दिसेल. बँका आणि सुरक्षा एजन्स्यांना हेच दर वर्षी लागू करा. खडकी इथून तीन-साडेतीन तासांवर आहे आणि शस्त्रे तपासणारी न्यायवैद्यक प्रयोगशाळा कालिन्यात आहे. सामग्री नाही, असे कुणी म्हणू नये. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करायला लावणारी यंत्रणा आपल्याकडे आहेच. दर वेळी एवढी हत्यारे आयती एका छपराखाली येतात, पावती घेऊन जातात आणि पावती दाखवून परत जातात.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. काडतुसे स्वस्त आणि सहज केली तर ती गुन्हेगारांकडे पाझरतील. पाझरतीलच, जर ती घरी न्यायला दिली आणि विसरली तर. रेंजवर उडवून पुंगळ्या जागेवर मोजून जमा केल्या तर पाझरणार काय? उलट, पाझर फुटतो तो कपाटातल्या न पाहिलेल्या साठ्याला. आमच्या शाखेतून पाच चांगली काडतुसे कोकणात गेली तेव्हा रजिस्टर पंचवीसच दाखवत होते.

चाळीत आम्ही लहान असताना दिवाळीत न उडालेल्या सुतळी बॉम्बकडे कुणी वाकला की चारही मजल्यांवरून बायका एकाच वेळी ओरडायच्या, “मागे हो मेल्या!” कुणाच्याही आईने ओरडलेले चालायचे. ते कुणी शिकवले नव्हते आणि कुठे लिहिलेलेही नव्हते.

त्या चार काडतुसांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मामांच्या सल्ल्याने ती आम्ही रीतसर पत्रासह पोलीस ठाण्यात जमा केली आणि पोच घेतली. रजिस्टरात नोंद करायला बसलो तर रकाने तीनच : ‘शिल्लक’, ‘सरावात खर्च’ आणि ‘नवीन खरेदी’. सरावात उडालेली सरावात लिहिली. ही चार कुठल्याच रकान्यात बसेनात. शेवटी मी समासात पेन्सिलने लिहिले, ‘सदोष, पो. ठाण्यात जमा’, आणि शिल्लक चारने कमी दाखवली. महिनाभराने मुख्य कार्यालयाकडून माझ्या नावे पत्र आले. काडतुसांच्या साठ्यात चार नगांची तफावत आढळून आली असून तिचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.